आईवेगळी पिल्ले

मागल्या वर्षीची गोष्ट. पावसाळा सरत आला होता. आणे पठारावर बाजरीची कणसे भरली होती. दिवस मावळताना मी ओट्यावर बसलो होतो. तेवढ्यात चार पोरे धावत आली. एकाच्या हातात दुरडी होती. दुरडीत जुन्या लुगड्याचे धडपे होते. आणि धडप्यात मांजराची चार पिल्ले.

पिलांचे डोळे मिटलेले होते. अंग गार पडले होते. ती तोंडे उघडीत होती, पण आवाज फार बारीक निघत होता.

पोरगा म्हणाला, "गुरुजी, ही पिल्लं मरतील का हो?"

मी विचारले, "कुठं सापडली?"

"खळ्यावर. कडब्याच्या गंजीखाली."

"आणि त्यांची आई?"

पोरे गप्प झाली. मग धाकटा म्हणाला, "नगरच्या रस्त्यावर गाडीखाली गेली. सकाळीच आम्ही पाहिली."

"तीच कशावरून?"

"गुरुजी, तीच! पांढरी, पाठीवर काळा ठिपका. रोज आमच्याच गंजीत शिरायची."

आता तुम्ही म्हणाल, पिल्ले मरायला टेकलेली, आणि गुरुजी प्रश्न कसले विचारत बसले? पण मंडळी, पिल्लू सापडले की हेच दोन प्रश्न आधी विचारायचे. पिल्लू कुठे सापडले? आणि त्याची आई कुठे आहे? पुढचे सगळे याच्या उत्तरावर आहे.

हे मला पहिल्यापासून माहीत नव्हते. चाळीस वर्षांपूर्वी मी नवा मास्तर होतो. तेव्हा शाळेच्या माळ्यावर मला अशीच तीन पिल्ले सापडली. मी आईची वाट पाहिली नाही. पिल्ले उचलून घरी आणली. तान्ह्या मुलाला पाजतात तसे त्यांना उताणे धरले आणि बोंडल्याने गाईचे दूध पाजले. चार दिवसांत तिन्ही मेली. त्यांची आई तीन रात्री शाळेभोवती ओरडत फिरत होती. दोष गाईचा नव्हता, दुधाचाही नव्हता. दोष माझ्या अज्ञानाचा होता. माझी माया खरी होती, पण नुसत्या मायेने पिल्लू जगत नाही. म्हणून जे मी पुढे शिकलो, ते येथे सांगतो.

आधी आई शोधा

मांजर पिलांना सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. सात घरे मोजून कोणी पाहिली नसतील, पण म्हणण्यात तथ्य आहे. जागेवर धोका वाटला, की मांजरी पिलांना दुसरीकडे हलवते. तिला एका वेळी एकच पिल्लू तोंडात धरता येते. म्हणून तिला तीन-चार खेपा कराव्या लागतात. दोन पिल्ले नेली आणि दोन राहिली, अशा वेळी कोणी तेथे पोचला, तर त्याला वाटते, आईने पिल्ले टाकली. तसे नसते. आई वाटेत असते.

आणखी एक. आई दिवसभर पिलांपाशी बसून राहात नाही. तिलाही पोट आहे. ती शिकारीला जाते.

मग ओळखावे कसे? पिल्लू ऊबदार आहे, पोट भरलेले आहे आणि ते शांत झोपले आहे, तर त्याला आई आहे. त्याला हात लावू नये. दूर जाऊन बसावे. दोन-तीन तास वाट पाहावी. आपण जवळ उभे राहिलो तर ती येणार नाही. दिवसभर थांबता येत नसेल, तर पिलांभोवती थोडे पीठ भुरभुरावे. थोड्या वेळाने येऊन पाहावे. पिठात मांजराची पावले उमटली, तर आई येऊन गेली असे समजावे.

माणसाचा हात लागला की मांजर पिल्लू टाकते, असेही लोक म्हणतात. हे खरे नाही. ती पिल्लू घेते. म्हणून चुकून उचलले असेल, तर आणले तेथेच नेऊन ठेवावे.

पिल्लू गार आहे, पोट खपाटीला गेले आहे, अंगावर मुंग्या आहेत किंवा आई मेलेली आपण पाहिली आहे, तरच ते पिल्लू आईवेगळे समजावे.

पिल्लू घरचे की रानचे?

दुसरा प्रश्न आपल्या जुन्नर-आंबेगावच्या माणसाने तर विचारलाच पाहिजे. पिल्लू घरच्या मांजराचे आहे, की रानातले?

आपल्या पठारावर पाणी कमी. पण घाट उतरून बेल्ह्याकडे, आळ्याकडे, नारायणगावाकडे गेले, की उसाचे मळे लागतात. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे ही धरणे झाली. कालव्याने पाणी आले. पाण्याने ऊस आला. ऊस वर्षभर दाट उभा असतो. आत गारवा असतो, लपायला जागा असते, जवळ पाणी असते. गावाभोवती कुत्री असतात, डुकरे असतात. बिबट्याला आणखी काय हवे? बिबट्याची मादी उसातच विते. ऊसच तिच्या पिलांचे रान होतो.

मग तोडणी येते. कोयता चालत चालत फडाच्या मध्यावर जातो. आणि पाचटात पिल्ले दिसतात. जुन्नर तालुक्यात हे वर्षानुवर्षे घडत आले आहे. ही पिल्ले बिबट्याची असतात, रानमांजराची असतात, नाहीतर वाघाटीची असतात.

वाघाटी म्हणजे काय, ते पुष्कळांना ठाऊक नसते. ही जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक आहे. पुरती वाढलेली वाघाटी एक ते दीड किलोची भरते. घरच्या मांजरापेक्षाही लहान. तिच्या अंगावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी असतात. कपाळावर उभे पट्टे असतात. ही भारतात, श्रीलंकेत आणि नेपाळात राहते. जगात दुसरीकडे रानात ती आढळत नाही. असे दुर्मीळ जनावर आपल्या बांधावर नांदते. ते रोज उंदीर मारते, म्हणजे शेतकऱ्याचेच काम करते.

पिल्ले ओळखावी कशी? डोळे मिटलेले मांजराचे पिल्लू मुठीत मावते. जन्मतः ते साधारण १०० ग्रॅम भरते. बिबट्याचे पिल्लू जन्मतःच अर्धा किलोच्या आसपास असते. त्याचे पंजे जाड, डोके मोठे, अंग काळपट आणि त्यावर दाट ठिपके असतात. रानमांजराचे आणि वाघाटीचे पिल्लू मात्र घरच्या पिलासारखेच दिसते. तेथे भलेभले फसतात. म्हणून सोपा नियम सांगतो. पिल्लू उसात, रानात, ओढ्याकाठी सापडले आणि त्याच्या अंगावर ठिपके किंवा पट्टे असले, तर ते रानचे समजावे. उचलू नये. काम थांबवावे, माणसे बाजूला घ्यावीत आणि वनखात्याला कळवावे. वनखात्याचा फोन १९२६ हा आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

पुढे काय होते, तेही सांगतो. वनखात्याची माणसे येतात. जनावरांचे डॉक्टर पिल्लू तपासतात. जखम नसेल, तर दिवस मावळताना ते पिल्लू खोक्यात किंवा क्रेटमध्ये घालून, सापडले तेथेच ठेवतात. आपोआप फोटो काढणारा कॅमेरा जवळ लावतात. मग सगळे दूर जातात. अंधार पडला की आई येते. हुंगते. खोके पाडते. पिलाच्या मानेची कातडी दातात अलगद धरते आणि घेऊन जाते. पहिल्या रात्री आली नाही, तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवतात. बिबट्याची आणि वाघाटीची पुष्कळ पिल्ले आपल्या भागात अशी आईकडे परत गेली आहेत. माणसांनी हाताळली होती, तरी आईने ती घेतली.

ज्या पिलांची आई येतच नाही, त्यांच्यासाठी जुन्नरजवळ माणिकडोहला वनखात्याचे बिबट निवारा केंद्र आहे. वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने तेथे अनेक वर्षे काम केले आहे. तेथे जखमी बिबटेही ठेवतात. पण एक ध्यानात घ्या. हाताने वाढवलेला बिबट्या माणसाला भीत नाही. शिकार त्याला आईने शिकवलेली नसते. त्याला पुन्हा रानात सोडणे धोक्याचे असते. तो जन्मभर पिंजऱ्यात राहतो. म्हणजे आपण हौसेने उचललेले पिल्लू जगले, तरी त्याचे रान गेलेच.

येथे कोणी रागाने म्हणेल, "गुरुजी, बिबट्याने आमची माणसं मारली. लेकरं नेली. त्याचं पिल्लू परत कशाला द्यायचं?" हा राग मी समजू शकतो. ज्याच्या घरी हे दुःख आले, त्याला कोणी शहाणपण शिकवू नये. पण विचार करा. पिल्लू नेले म्हणून आई निघून जात नाही. ती पिल्लू शोधत त्याच शिवारात फिरते. ती बिथरलेली असते. आणि उद्या सकाळी त्याच फडात आपल्याच बाया-माणसांना कोयता घेऊन जायचे असते. पिल्लू आईला दिले, की ती त्याला घेऊन दूर सरकते. पिल्लू परत देण्यात आपलाही जीव राखलेला असतो.

शिवाय कायदा आहे. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या जनावरांना संरक्षण दिले आहे. त्यांची पिल्ले घरात पाळणे हा गुन्हा आहे. त्याला तुरुंगवास आहे.

आता दुरडीकडे वळू. पोरांनी आणलेली पिल्ले गावच्या मांजरीची होती. तिला सगळे ओळखत होते. आणि ती मेली होती. दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली. आता ती सांभाळणे आले.

आधी ऊब, मग दूध

गार पडलेल्या पिलाला कधीही दूध पाजू नये. गार अंगात दूध पचत नाही. ते पोटात तसेच राहते आणि पिल्लू दगावते. आधी पिल्लू ऊबदार करावे.

आम्ही बाटलीत गरम पाणी भरले. बाटलीला जाड फडके गुंडाळले. दुरडीत जुनी गोधडी अंथरली आणि एका बाजूला बाटली ठेवली. दुसरी बाजू मोकळी ठेवली. पिलाला गरम झाले, तर त्याला सरकायला जागा हवी. पाणी निवले की बदलायचे. चुलीच्या तोंडाशी पिल्लू ठेवू नये. ते भाजते किंवा धुराने गुदमरते.

तासाभराने तीन पिलांचे अंग ऊबदार झाले. चौथे फार अशक्त होते. ते त्या रात्री गेले. पोरे रडली. मी त्यांना म्हटले, "बाळांनो, आपल्याला उशीर झाला होता. आता या तिघांकडे पाहू."

दूध कोणते?

सगळ्यांत चांगले दूध मांजरीचे. गावात नुकतीच व्यालेली मांजरी असेल, तर पोरकी पिल्ले तिच्यापाशी ठेवून पाहावीत. तिच्या पिलांच्या अंगावरून फिरवलेले फडके या पिलांच्या अंगावरून फिरवावे. मग दोघांचा वास एक होतो. पुष्कळ मांजरी दुसरीचे पिल्लू जवळ घेतात, चाटतात, पाजतात. अशी दाई मिळाली, तर आपले निम्मे काम झाले. आम्हांला मात्र मिळाली नाही.

गाईचे दूध मांजराच्या पिलाला सोसत नाही. मांजरीचे दूध जास्त कसदार असते. गाईच्या दुधातली साखर पिलाला पचत नाही. हगवण लागते, अंगातले पाणी जाते आणि पिल्लू दोन दिवसांत संपते. माझी पहिली पिल्ले अशीच गेली.

मांजराच्या पिलांसाठी वेगळी दूध-भुकटी मिळते. जनावरांच्या औषधांच्या दुकानात विचारावी. डब्यावर लिहिले असेल, तेवढेच कोमट पाणी घालावे. ती येईपर्यंत एक-दोन दिवस शेळीचे दूध चालते. दूध उकळून कोमट करावे. एक कप दुधात एका अंड्याचा पिवळा बलक फेटून घालावा. माळकरी घरात अंडे चालत नसेल, तर नुसते शेळीचे दूध द्यावे. पण ही अडीनडीची सोय आहे. रोजचे खाणे नव्हे.

पाजावे कसे?

पिल्लू आईला पिते तेव्हा कसे असते, ते आठवा. ते पोटावर पालथे असते. मान थोडी वर असते. आपणही तसेच धरावे. उताणे धरू नये. उताणे धरले, की दूध पोटाऐवजी फुप्फुसात जाते. मग पिलाला धाप लागते आणि ते मरते.

सुई काढलेली इंजेक्शनची पिचकारी किंवा औषधाचा ड्रॉपर घ्यावा. तो उकळत्या पाण्यात धुऊन घ्यावा. दूध मनगटावर टाकून पाहावे. कोमट लागले पाहिजे. थेंब थेंब द्यावे. पिल्लू चोखील तेवढेच. जोराने दाबू नये. दूध नाकातून आले, तर थांबावे, डोके खाली करावे आणि नाक पुसावे.

किती द्यावे? १०० ग्रॅम वजनाच्या पिलाला दिवसभरात साधारण २० मिलिलिटर दूध लागते. चहाचा लहान चमचा म्हणजे ५ मिलिलिटर. तेव्हा हे दूध चार चमचे झाले. पण ते एकदम द्यायचे नाही. त्याचे पोट केवढे, तर बोराएवढे. १०० ग्रॅमच्या पिलाला एका वेळी ४ मिलिलिटरपेक्षा जास्त देऊ नये.

पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी पाजावे लागते. रात्रीसुद्धा. दुसऱ्या आठवड्यात दर तीन-चार तासांनी. तिसऱ्या आठवड्यात चार-पाच तासांनी. आम्ही रात्रीच्या पाळ्या लावल्या. आमच्या घरातून बोलणे ऐकावे लागले, "अहो, पोरांच्या वेळी एक रात्र जागला नाहीत. आता मांजरासाठी जागताय!" बोलणे खरे होते. मी गुपचूप उठलो.

पाजल्यावर पुसणे

हे काम पुष्कळांना माहीत नसते. तीन आठवड्यांपर्यंत पिलाला आपली आपण लघवी होत नाही. शौचही होत नाही. आई खालची जागा चाटते, तेव्हा होते. आई नाही, म्हणून आपण करावे. मऊ फडके कोमट पाण्यात भिजवून पिळावे आणि प्रत्येक वेळी पाजल्यावर हलके हलके पुसावे. लगेच लघवी होते. मग अंग कोरडे करावे. हे केले नाही, तर पोट फुगून पिल्लू मरते. पिलाला अंघोळ मात्र घालू नये. आणि प्रत्येक वेळी आपले हात साबणाने धुवावेत.

वहीने सांगितले

आता एक गोष्ट मुद्दाम सांगतो.

आमच्या शेजारच्या काकू साठीला आल्या आहेत. त्या नुकत्याच लिहायला-वाचायला शिकल्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, मला काही काम द्या. पाजताना माझा हात कापतो."

मी म्हटले, "काकू, तुम्ही वजनं लिहा."

रोज सकाळी आम्ही पिल्ले वाण्याच्या काट्यावर तोलत असू. मी आकडा सांगे. काकू वहीत लिहीत. पहिले पिल्लू १५०, दुसरे १४०, तिसरे १३५. दुसऱ्या दिवशी १६२, १५१, १४६. चांगले पिल्लू रोज १० ते १५ ग्रॅम वाढते. आठवड्याला साधारण १०० ग्रॅम.

पाचव्या दिवशी काकू म्हणाल्या, "गुरुजी, हे तिसरं परवा १६० होतं. काल १६०. आजही १६०. दुसरी दोन वाढली. हे का वाढंना?"

मी पिल्लू पाहिले. ते पीत होते, हालत होते. डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. पण वही खोटे बोलत नाही. आम्ही ते पिल्लू घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तपासले. म्हणाले, "दूध फार दाट कालवताय. याला पचत नाही. आज सुटलं नसतं, तर उद्या हगवण लागली असती." डब्यावर लिहिले होते तेवढे पाणी मी घालीत नव्हतो. दाट दूध म्हणजे जास्त ताकद, असे मला वाटले होते. मी मास्तर असून डब्यावरचे नीट वाचले नव्हते. काकूंनी वहीतले वाचले होते.

दूध नीट कालवले. तिसऱ्या दिवसापासून त्याचे वजन चढू लागले.

आठवड्यामागून आठवडा

सात ते चौदा दिवसांत डोळे उघडतात. डोळे आपण उघडू नयेत. चिकटले असतील, तर कोमट पाण्याच्या फडक्याने पुसावेत. पू आला, तर डॉक्टरांना दाखवावे. तीन आठवड्यांना दात दिसू लागतात, पिल्लू लटपटत चालते. चार आठवड्यांना पसरट ताटलीत दूध द्यावे आणि मऊ खाणे सुरू करावे. उकडलेली कोंबडी किंवा मासळी काटे काढून बारीक कुस्करून द्यावी. मांजराला मांसाचा अंश लागतोच. नुसत्या दूध-भाकरीवर पिल्लू जोमाने वाढत नाही. याच वेळी एका पसरट घमेल्यात कोरडी माती ठेवावी. मांजर जातीचेच स्वच्छ. दोन दिवसांत ते मातीत जायला शिकते.

दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत पिलाला रोज थोडा वेळ हातात घ्यावे. घरातली माणसे, पोरे, आवाज यांची सवय होऊ द्यावी. याच दिवसांत जे माणसाळते, ते जन्मभर माणसाळलेले राहते.

ही चूक करू नका

पिलाच्या अंगावर पिसवा असतात. म्हणून कोणी गुरांच्या गोचिडांचे औषध लावतो. ते औषध मांजराला विष आहे. पिल्लू तडफडून मरते. पिसवा बारीक दातांच्या फणीने काढाव्यात. तसेच तापावरची आपली गोळी मांजराला कधी देऊ नये. पॅरासिटामॉलने मांजर मरते. जंताचे औषध आणि लस डॉक्टरांना विचारूनच द्यावी. पहिली लस साधारण दोन महिन्यांना देतात. पिसाळण्याच्या रोगाची लस तीन महिन्यांना देतात.

माणसाने स्वतःलाही जपावे. मांजर चावले किंवा ओरखडले आणि रक्त आले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. मग त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. पिसाळण्याचा रोग कुत्र्यापासूनच होतो असे नाही. तो मांजरापासूनही होतो. एकदा रोग उठला, की त्याला उपाय नाही. हळद, चुना, मंत्र यांत वेळ घालवू नये.

पिलाला घर देणे

दोन महिने झाले, पिल्लू आपले आपण खाऊ लागले, म्हणजे त्याला घर द्यावे. त्याआधी देऊ नये.

आपल्याकडे एक वाईट रीत आहे. मांजरे जास्त झाली, की पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या वेशीवर सोडायची. आपल्याला वाटते, पीडा गेली. पण नव्या जागी त्याला ना ओळख, ना आसरा. कुत्री फाडतात, गाडी चिरडते. आणि ज्या गावच्या वेशीवर आपण सोडतो, ते गावही आपली मांजरे आपल्या वेशीवर सोडते! मग कमी काय झाले?

घर द्यायचे तर माणूस पाहून द्यावे. आमच्याकडे एक गृहस्थ आले. म्हणाले, "द्या एक. गोदामात कोंडून ठेवतो. खायला घालणार नाही. उपाशी मांजर उंदीर जास्त मारतं." मी नमस्कार करून त्यांना परत पाठवले. उपाशी मांजर घर सोडून जाते. पोटभर खाल्लेले मांजरही उंदीर मारते, कारण शिकार हा त्याचा स्वभाव आहे. ते घरी टिकते, म्हणून धान्य राखते.

मी प्रत्येकाला चार गोष्टी विचारल्या. घरात सगळ्यांची मर्जी आहे का? रोज दोन वेळा खायला घालाल का? घरात उंदराचे विषारी औषध टाकता का? कारण विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला, तर मांजरालाही विष बाधते. आणि शेवटची, मोठे झाल्यावर ऑपरेशन कराल का?

शेवटची गोष्ट पुष्कळांना पटत नाही. पण हिशेब पाहा. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली, की गाभण राहू शकते. नऊ आठवड्यांत विते. एका वेळी तीन-चार पिल्ले. वर्षातून दोन-तीन वेळा. एवढ्यांना घरे कुठून आणायची? मग पुन्हा पोते आणि पुन्हा वेस. सहा महिन्यांच्या सुमारास डॉक्टरांकडून ऑपरेशन करून घेतले, तर हा फेरा थांबतो.

पहिले पिल्लू पिठाच्या गिरणीवर गेले. दुसरे दुरडी आणणाऱ्या पोराच्या घरी गेले. त्याच्या आईने आधी नको म्हटले. पण दोन महिने पोरगा रोज पिल्ले पाहायला येत होता, ते तिने पाहिले होते.

तिसरे कोणाला द्यायचे? मी विचार करीत होतो. तेवढ्यात काकू वही घेऊन आल्या. शेवटच्या पानावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते: तिसरे पिल्लू, वजन ८०० ग्रॅम, काकूच्या घरी.

मग मी काय बोलणार? पिल्लू उचलून त्यांच्या पदरात घातले.

लक्षात ठेवा

पिल्लू सापडले, तर आधी दुरून पाहा. आई येते का, याची वाट पाहा.

उसात, रानात पिल्लू दिसले, तर उचलू नका. काम थांबवा. १९२६ वर कळवा.

आधी ऊब, मग दूध. गाईचे दूध देऊ नका.

पालथे धरून पाजा. उताणे धरू नका.

पाजल्यावर पुसा. रोज तोला. तोलले ते लिहा.

चावले, ओरखडले, तर साबणाने धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा.

दोन महिन्यांनी घर पाहून द्या. वेशीवर सोडू नका.